योग्य माणसाचाच फोन यावा म्हणून: दिव्यांग-सेवेची ऑनलाइन नोंद कशी लिहावी

एका रात्री जेवणं झाल्यावर आई आणि मी फोन घेऊन बसलो होतो. माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि त्याला एकटीने उचलून अंघोळीच्या खुर्चीत बसवणं आईला झेपेनासं झालं होतं. आम्हाला हवं होतं ते साधं होतं: सकाळी ७ ते ९, आठवड्यातून पाच दिवस, मोठ्या माणसाला उचलण्याची सवय असलेला कुणीतरी. दिव्यांगांना सेवा देणाऱ्या संस्थांच्या ऑनलाइन यादीत, म्हणजे डिरेक्टरीत, ११ संस्था निघाल्या. अकराही जणांनी ‘दिव्यांगांसाठी सर्वंकष, दर्जेदार आणि आपुलकीची सेवा’ अशाच धर्तीचं काहीतरी लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी ११ फोन केले. दोन नंबर बंद. चार जण फक्त लहान मुलांसाठी काम करणारे. एका ठिकाणी फक्त थेरपी. तिघांकडे सकाळी माणूस नाही. अकराव्या ठिकाणी जमलं. मोठ्या माणसांना उचलून अंघोळ घालण्याचं काम ती संस्था रोज करत होती, पण त्यांच्या नोंदीत त्याचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता.

पुढे मी अशाच एका छोट्या संस्थेत कामाला लागले आणि नोंदी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. लिहिताना ते ११ फोन डोक्यातून जात नाहीत. डिरेक्टरीतली नोंद म्हणजे दारावरची पाटी किंवा वर्तमानपत्रातली जाहिरात असं समजून आपण लिहायला बसतो, आणि तिथेच फसतो. समोरचा माणूस दमलेला असतो, बहुतेक वेळा घाईत असतो, आणि त्याला एकच विचारायचं असतं: ‘माझ्या माणसासाठी, माझ्या भागात, मला हव्या त्या वेळेला हे तुम्ही करता का?’ तो फोन करण्याआधीच त्याचं उत्तर देऊन ठेवायचं, यासाठी नोंद असते. ते उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल.

लिहायला बसण्याआधी

कॉम्प्युटर उघडू नका. संस्थेत फोन घेणाऱ्या माणसाजवळ जाऊन बसा आणि गेल्या महिन्याभरात लोकांनी काय काय विचारलं ते त्याच्याकडून ऐका. ‘नळीतून अन्न देता का?’ ‘झटके येतात, चालेल का?’ ‘बाईच मदतनीस मिळेल का?’ ‘तो बोलत नाही, मग तुम्हाला कळणार कसं?’ ‘रविवारी येता का?’ हे प्रश्न लोकांच्याच शब्दांत उतरवून घ्या. नोंदीचा निम्मा मजकूर इथे तयार मिळतो. एकटेच काम करत असाल तर स्वतःच्या फोनमधले जुने मेसेज चाळा.

मग एका फाइलमध्ये मूळ मजकूर तयार करा. त्यात संस्थेचं नेमकं नाव, फोन, ईमेल, कामाच्या वेळा, कुठवर जाता, कोणत्या वयाच्या लोकांसोबत काम करता, काय करता, काय करत नाही, कोणत्या भाषा बोलता (सांकेतिक भाषाही), नोंदणीचे तपशील, पैसे कसे आकारता आणि सध्या जागा आहे का, एवढं असू द्या. सगळ्या डिरेक्टऱ्यांत मजकूर या एकाच फाइलमधून जाईल. एका ठिकाणी ‘ट्रस्ट’, दुसरीकडे ‘फाउंडेशन’, तिसरीकडे जुना नंबर असं झालं की वाचणारा गोंधळतो आणि सर्च इंजिनलाही या तिन्ही संस्था वेगळ्या वाटू शकतात.

कुठे नोंदवायचं

जिथे जागा मिळेल तिथे नाव घालण्याचा मोह होतो. तो आवरा. तीन प्रकारची ठिकाणं पुरेशी असतात: तुमच्या देशात सरकारी किंवा निधी देणाऱ्या यंत्रणेची अधिकृत यादी असेल तर ती, विशिष्ट दिव्यांगत्व असलेल्या लोकांच्या किंवा पालकांच्या संघटनांनी चालवलेली डिरेक्टरी, आणि नकाशावरची नोंद, म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाइलसारखी. दुसऱ्या प्रकाराकडे नवखे दुर्लक्ष करतात, पण लोक तिथे विश्वासाने येतात. तुम्हाला सांभाळता येतील अशा ४ नोंदी ठेवा. वाऱ्यावर सोडलेल्या २० नोंदींपेक्षा त्या कधीही बऱ्या.

नवी नोंद करण्याआधी आपली नोंद तिथे आधीच आहे का ते शोधा. बऱ्याच डिरेक्टऱ्या इकडून-तिकडून माहिती उचलून आपणहून नोंद तयार करतात. ती असेल तर तिची मालकी तुमच्याकडे घ्या. दुसरी करू नका. लॉगिन संस्थेच्या ईमेलवर काढा, कुणा एकाच्या खासगी ईमेलवर नको. आमच्याकडे नोंद तयार करणारी मुलगी नोकरी सोडून गेली, पासवर्ड तिच्याबरोबर गेला आणि पुढचे आठ महिने आमचा जुना पत्ता तिथे झळकत राहिला.

गूगलच्या बाबतीत दोन गोष्टी. नाव आहे तेच लिहा. त्यात ‘सर्वोत्तम फिजिओथेरपी घरपोच’ अशी शेपटी जोडणं त्यांच्या नियमांत बसत नाही आणि त्यावरून नोंद बंदही होऊ शकते. दुसरं, तुम्ही लोकांच्या घरी जाऊन काम करत असाल आणि तुमच्याकडे कुणी येत नसेल, तर पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो. राहत्या घरातून काम करणाऱ्यांनी हे नक्की करावं. जिथे दिव्यांग व्यक्ती राहतात अशा निवासाचा पत्ता तर कुठल्याच डिरेक्टरीत देऊ नये. ते त्यांचं घर आहे, तुमचं ऑफिस नव्हे.

पहिल्या दोन ओळी

गूगलवर वर्णनासाठी ७५० अक्षरं मिळतात. इतर ठिकाणी मर्यादा कमी-जास्त असते. पण शोधाच्या यादीत बहुतेक वेळा पहिल्या दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘अधिक वाचा’च्या मागे जातं. आणि बहुतेक संस्था त्या दोन ओळी कशावर घालवतात? स्थापनेचं वर्ष, संस्थापकांचं स्वप्न आणि ‘समाजातील दुर्लक्षित घटकांच्या सर्वांगीण उन्नतीसाठी कटिबद्ध’.

‘दिव्यांगांसाठी’ एवढंच लिहिलं तर काय कळतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं दिव्यांगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एकाला. ऐकू न येणारा इंजिनिअर, स्वमग्न (ऑटिस्टिक) शाळकरी मुलगी आणि मणक्याला दुखापत झालेली आजी या तिघांना एकाच शब्दात बसवलं की तिघांपैकी कुणालाच तो शब्द आपला वाटत नाही.

अशा दोन ओळी लिहून पाहा:

‘१८ वर्षांपुढच्या, शारीरिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींना आम्ही घरी येऊन सकाळ-संध्याकाळच्या कामांत मदत करतो: अंथरुणातून उठणं, अंघोळ, कपडे, जेवण. उचलायला दोन माणसं लागत असतील तरी येतो. रात्रपाळीची सेवा देत नाही.’

स्वतःचं कौतुक करणारं एकही विशेषण नाही. ‘आपुलकी’ नाही, ‘तळमळ’ नाही. पण त्या रात्री हे आमच्या हाती लागलं असतं तर दुसऱ्या दिवशी एकच फोन करावा लागला असता. आपुलकी नसावी असं मी म्हणत नाही. ती लिहून पटत नाही एवढंच. ‘पहिल्या भेटीला पैसे नाहीत, तुमच्या माणसाला भेटून मगच दोघांनी ठरवू’ हे वाक्य जे सांगतं, ते ‘आपुलकीची सेवा’ या दोन शब्दांतून कधीच पोहोचत नाही.

सेवेचं नाव नको, काम लिहा

सेवांच्या यादीत आपण आपल्या धंद्यातले शब्द घालतो: ‘वैयक्तिक साहाय्य’, ‘कौशल्यविकास’, ‘सामुदायिक सहभाग’. आपल्याला ते रोजचे झालेले असतात. नुकतंच निदान झालेल्या मुलाच्या बापाला ते शब्द फुलपाखरासारखे असतात, दिसतात पण हाती लागत नाहीत. शब्द काढून टाकू नका, कारण काही लोक नेमका तोच शब्द टाइप करून शोधतात आणि निधीच्या कागदावरही तोच असतो. त्याच्या शेजारी काम लिहा.

‘ऑक्युपेशनल थेरपी: बटणं लावणं, चमचा धरणं, पेन्सिल पकडणं, बाथरूम एकट्याने वापरणं यासाठी सराव, घरात कुठे दांडी किंवा कठडा हवा ते पाहून सांगणं.’ ‘सामुदायिक सहभाग: पोहायला, वाचनालयात, मित्रांना भेटायला सोबत येणं, बस कशी पकडायची ते शिकवणं.’ ‘तात्पुरता सांभाळ: घरच्यांना गावाला जायचं असेल किंवा नुसती उसंत हवी असेल तर २ ते १४ दिवस आमच्याकडे राहण्याची सोय.’

मदतनीसांना काय येतं तेही असंच लिहा. ‘प्रशिक्षित कर्मचारी’ म्हणजे काय, ते कुणालाच कळत नाही. झटका आल्यावर काय करायचं ते शिकलेले, उचलण्याचं यंत्र वापरता येणारे, चित्रांच्या पाटीवरून किंवा टॅबलेटवरून बोलणाऱ्या माणसाशी घाई न करता संवाद साधणारे, असं लिहिलं की समजतं. मात्र सगळ्यांना येत नसेल तर ‘आमच्यापैकी तिघांना’ असं लिहा. हे लिहायला जीभ अडखळते, मला माहीत आहे. पण ‘तिघांना’ हा शब्द वाचूनच लोकांचा बाकीच्या नोंदीवर विश्वास बसतो.

आता ‘आम्ही काय करत नाही’. या ओळीवरून आमच्या संस्थेत मोठा वाद झाला होता. आमच्या संचालक मॅडम म्हणाल्या, “अगं, येणारा माणूस दारातूनच परत जाईल.” मी म्हटलं, “मॅडम, तो तसाही परतच जाणार आहे. फक्त आता अर्धा तास फोनवर बोलून, सगळी कहाणी सांगून मग जातो.” अपरिचित माणसाला आपल्या मुलाची लघवी, झटके, मारणं-चावणं पुन्हा पुन्हा सांगणं किती जिवावर येतं, हे ज्याने सांगितलंय त्यालाच कळतं. शेवटी ती ओळ नोंदीत गेली. फोन कमी झाले. पण जे आले त्यांतले बहुतेक पुढे आमच्याकडे टिकले.

जागा नसेल तर तेही लिहा. ‘सध्या प्रतीक्षायादी आहे, साधारण तीन महिने’ हे वाईट दिसत नाही. वाईट दिसतं ते नऊ दिवसांनी आलेलं ‘सॉरी, फुल आहे’.

टिकमार्कच्या चौकटी

डिरेक्टरीतले फिल्टर तुम्ही केलेल्या खुणांवर चालतात. वय, दिव्यांगत्वाचा प्रकार, भाषा, वेळ, भाग, घरी की केंद्रात: तुम्ही चौकट रिकामी सोडली तर त्या फिल्टरने शोधणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही, वर्णनात कितीही सुंदर लिहिलेलं असो. म्हणून वर्णनाआधी चौकटी भरा.

पण सगळ्याच चौकटींवर खूण करणं हा उलट बाजूचा घोळ. ‘बहिरेपण’ या चौकटीवर खूण आहे आणि संस्थेत एकालाही सांकेतिक भाषा येत नाही, असं मी पाहिलंय. माझा नियम असा: गेल्या वर्षभरात हे काम प्रत्यक्ष केलं असेल किंवा उद्या सकाळी कुणी दारात उभं राहिलं तर करता येत असेल, तरच खूण.

कुणाबद्दल बोलतोय, कुणाशी बोलतोय

नोंद वाचणारा बहुतेक वेळा पालक असेल असं आपण धरून चालतो. अनेकदा ती दिव्यांग व्यक्ती स्वतःच असते. मग ‘आपल्या पाल्याला आम्ही स्वावलंबी बनवू’ हे वाक्य ३४ वर्षांची, नोकरी करणारी, व्हीलचेअर वापरणारी बाई वाचते तेव्हा तिला काय वाटत असेल? ‘तुम्ही’ असं लिहा. ‘तुमचा दिवस कसा असावा ते तुम्ही ठरवा, त्यासाठी कुठे हात लागतो ते सांगा’ असा सूर ठेवला तर पालकालाही तो चालतो आणि त्या व्यक्तीलाही.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांबाबतचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००६ मध्ये मंजूर झाला आणि २००८ पासून लागू आहे. त्यातलं कलम १९ स्वतंत्रपणे जगण्याबद्दल आणि समाजात सामील असण्याबद्दल आहे. कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याची संधी हा त्याचा भाग. करार पाठ करायला नको, पण आपली वाक्यं त्याला छेद देत नाहीत ना, एवढं तपासावं. ‘आम्ही त्यांची काळजी घेतो’, ‘आम्ही त्यांना घडवतो’ अशा वाक्यांत सगळी क्रियापदं संस्थेकडे आणि माणूस नुसता कर्म होऊन बसतो. व्याकरणातून हे लगेच कळतं.

‘ग्रस्त’, ‘पीडित’, ‘व्हीलचेअरला खिळलेला’, ‘बिचारी निरागस मुलं’, ‘देवाची लेकरं’ हे सगळं काढा. व्हीलचेअर माणसाला खिळवत नाही, ती त्याला फिरवते. ‘मतिमंद’च्या जागी ‘बौद्धिक दिव्यांगत्व असलेली व्यक्ती’. ‘दिव्यांग’ या शब्दाबद्दलही एकमत नाही: काहींना तो मानाचा वाटतो, काहींना त्यातलं ‘दिव्य’ खटकतं आणि ते सरळ ‘अपंग’ म्हणतात. स्वमग्न प्रौढांपैकी पुष्कळजण स्वतःला ‘स्वमग्नता असलेली व्यक्ती’ न म्हणता ‘स्वमग्न’ म्हणवणं पसंत करतात. सांकेतिक भाषा बोलणारे अनेक बहिरे लोक स्वतःकडे एक भाषिक समाज म्हणून पाहतात. तुम्ही ज्यांच्यासोबत काम करता त्यांनाच विचारा आणि ते जो शब्द वापरतात तो घ्या.

आणि ‘बरं करू’ असं कधीही लिहू नका. ‘स्वमग्नता मुळापासून दूर’, ‘१०० टक्के फरक’ असा दावा करणाऱ्यांची नोंद सुजाण पालक ताबडतोब बंद करतो. जो बंद करत नाही, तो हतबल असतो. आणि त्याच्या हतबलतेवर आपण ग्राहक मिळवतोय, हे स्वतःशी कबूल करावं लागेल.

फोटो

चेहऱ्यांपेक्षा जागेचे फोटो जास्त कामाचे. प्रवेशाचं दार, रॅम्प, बाथरूम, बसायची खोली, गाडीची लिफ्ट. येणाऱ्या माणसाला, त्यातही नव्या जागेची धास्ती घेणाऱ्या मुलाला, आधी घरी बसून ते पाहता येतात. माझा भाऊ कुठे जायचं म्हटलं की आधी तिथल्या दाराचा फोटो मागतो. काम करणाऱ्या माणसांचे साधे, हसरे फोटो नावासकट असले तर उत्तम. विकत मिळणारे चकचकीत फोटो, ज्यात पांढऱ्या कोटातली बाई व्हीलचेअरवरच्या आजोबांच्या खांद्यावर हात ठेवून आकाशाकडे बघतेय, ते नकोत.

तुमच्याकडे येणाऱ्यांचे फोटो घ्यायचे असतील तर संमती लागते, आणि प्रवेश-अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरांत घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. फोटो कुठे दिसणार ते दाखवून, त्या व्यक्तीला समजेल अशा पद्धतीने, चित्रांनी किंवा सांकेतिक भाषेत विचारा. नाही म्हटलं तर सेवेवर काही परिणाम होणार नाही हे सांगा. नंतर मन बदललं तर फोटो काढून टाकता आला पाहिजे. आई-वडिलांनी होकार दिला आणि मुलाने मान फिरवली, तर उत्तर ‘नाही’. थेरपीत रडणारं मूल, उघडं अंग, तोंडाला भरवतानाचा क्षण, हे संमती असली तरी टाकू नका.

ऑस्ट्रेलियातल्या दिव्यांग पत्रकार आणि विनोदी कलाकार स्टेला यंग यांनी २०१४ मधल्या एका भाषणात ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ या प्रकारावर झोंबणारी टीका केली होती: दिव्यांग माणसाने केलेली अगदी साधी गोष्टसुद्धा, धडधाकट लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून, पोस्टरवर चढवायची. ‘हात नसूनही चित्र काढते!’ या मथळ्याचा मोह झाला की मला ते भाषण आठवतं.

मोजपट्टी घेऊन दारापाशी

‘व्हीलचेअरने येण्यासारखी जागा’ या चौकटीवर खूण करणं सोपं. पण एक पायरी असलेलं दारही लोकांना ‘येण्यासारखं’ वाटतं, कारण ‘आम्ही उचलून घेतो ना’. ज्याची खुर्ची दीडशे किलोची मोटारवर चालणारी आहे त्याला कोण उचलणार?

मोजपट्टी घ्या आणि आकडे लिहा. दार उघडल्यावर प्रत्यक्ष मोकळी राहणारी रुंदी. पायऱ्या किती. रॅम्पची उंची आणि लांबी. लिफ्टची आतली मापं. बाथरूममध्ये खुर्ची वळते का, दांड्या कोणत्या बाजूला आहेत. तुलनेसाठी अमेरिकेच्या २०१० च्या मानकांतले आकडे उपयोगी पडतात: दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच म्हणजे सुमारे ८१ सेंटिमीटर, रॅम्पचा उतार जास्तीत जास्त १ ला १२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी), आणि खुर्ची गोल वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची जागा. तुमच्या देशाचं मानक वेगळं असेल तर ते पाहा. तुमचं दार ७६ सेंटिमीटरचं असेल तर ७६ लिहा. ज्याची खुर्ची ६२ ची आहे तो येईल, ज्याची ७८ ची आहे त्याची खेप वाचेल.

सुगम्यता म्हणजे फक्त रॅम्प नव्हे. खोलीत ट्यूबलाइट फडफडते का, गोंगाट किती, गर्दी कमी असते ती वेळ कोणती, शांत बसायला वेगळी खोली आहे का, हेही लिहा. आणि संपर्काचा मार्ग फक्त फोन ठेवू नका. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला बोलता येत नाही, ज्याला अनोळखी माणसाशी फोनवर बोलायची भीती वाटते, त्याच्यासाठी मेसेज आणि ईमेल हवेतच; जमत असेल तर सांकेतिक भाषेतला व्हिडिओ कॉलही.

नोंद वाचता येते का

ज्यांच्यासाठी नोंद लिहिली त्यांनाच ती वाचता येत नाही, असं नेहमी घडतं. माहितीपत्रकाचा फोटो काढून वर्णनाच्या जागी चिकटवला की स्क्रीन रीडरला (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) त्यातलं एक अक्षरही नीट मिळेल याची खात्री नसते. सगळी महत्त्वाची माहिती साध्या मजकुरात हवी. फोटोला पर्यायी मजकूर देण्याची सोय असेल तर ‘फोटो १’ असं न लिहिता ‘मुख्य दार, पायरी नाही, उजवीकडे कठडा’ असं लिहा. इमोजींच्या माळा आणि नक्षीदार अक्षरं टाळा. स्क्रीन रीडर प्रत्येक इमोजीचं नाव वाचत बसतो आणि नक्षीदार अक्षरांचा चोथा करतो. व्हिडिओला सबटायटल द्या.

वेबसाठीची सुगम्यता-मार्गदर्शक तत्त्वं, त्यांची २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली, साध्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ४.५ ला १ एवढा उठाव (कॉन्ट्रास्ट) मागतात. डिरेक्टरीची रचना तुमच्या हातात नसते, पण बॅनर आणि लोगो असतात. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं दिसली की डिझायनरला परत पाठवा.

स्वतः ऐकून पाहा. आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक हे स्क्रीन रीडर असतात. विंडोजसाठी एनव्हीडीए फुकट मिळतं. मायकेल करन यांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, पुढे जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले, आणि हे दोघेही प्रोग्रॅमर दृष्टिहीन आहेत. डोळे मिटून आपली नोंद ऐका. माझी पहिली नोंद मी अशी ऐकली तेव्हा ४१ शब्दांचं वाक्य संपेस्तोवर सुरुवात विसरले होते. तेव्हापासून एका वाक्यात एकच गोष्ट.

भरवसा आणि पैसे

नोंदणी-क्रमांक, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी कशी तपासता, विमा आहे का, तक्रार कुणाकडे करायची, हे चार वाक्यांत मांडा. तक्रारीची ओळ बघून लोक घाबरत नाहीत. उलट, बोलू न शकणाऱ्या माणसाला तुमच्या हाती सोपवताना आईला हेच आधी हवं असतं. मुदत संपलेलं प्रमाणपत्र मात्र त्याच दिवशी काढा.

पैशांबद्दल आकडा लिहायचा नसेल तर पद्धत लिहा: तासावर की भेटीवर, येण्या-जाण्याचे वेगळे का, ऐनवेळी रद्द केलं तर काय, कोणत्या सरकारी योजनेतून किंवा विम्यातून भागतं. ‘दरासाठी संपर्क करा’ एवढंच लिहिलेलं वाचून मी स्वतः पुढच्या नोंदीकडे वळते.

अभिप्राय

ताऱ्यांच्या बदल्यात सूट, भेट असं काही देऊ नका. गूगलसह बऱ्याच ठिकाणी ते निषिद्ध आहे. काही देशांत नियम आणखी कडक आहेत: ऑस्ट्रेलियात नोंदणीकृत आरोग्य-व्यावसायिकांना स्वतःच्या जाहिरातीत उपचाराच्या परिणामाबद्दलचे रुग्णांचे अनुभव वापरता येत नाहीत. तुमच्याकडचा नियम आधी पाहा.

खरी परीक्षा वाईट अभिप्राय आल्यावर होते. राग येतो, आणि हातून लिहिलं जातं: ‘ताई, तुमच्या मुलाने आमच्या कर्मचाऱ्याला चावा घेतला होता हे तुम्ही लिहिलं नाहीत.’ संपलं. एका मुलाची खासगी गोष्ट तुम्ही जगासमोर मांडलीत. ती व्यक्ती तुमच्याकडे येत होती हे कबूल करणंसुद्धा उत्तरात टाळायचं असतं. असं काही लिहा: ‘तुमचं म्हणणं वाचलं. कुणालाही मिळालेल्या सेवेबद्दल आम्ही इथे उघडपणे बोलत नाही. आमच्या व्यवस्थापकांशी थेट बोलण्यासाठी हा नंबर.’ आणि मग तो नंबर खरंच उचला. चांगल्या अभिप्रायालाही हेच लागू: ‘आर्यन आता किती छान बोलतो!’ असं उत्साहाने उत्तर देऊ नका.

फोन वाजल्यावर

नोंद वाचून आलेल्या माणसाला फोनवर वेगळंच ऐकू आलं तर सगळी मेहनत वाया. फोन घेणाऱ्याच्या टेबलावर नोंदीची छापील प्रत असू द्या. मेसेजला किती वेळात उत्तर देता ते नोंदीत लिहा आणि पाळा. दोन कामाचे दिवस म्हटलं तर दोनच. जमणार नसेल तर नुसतं ‘नाही’ न म्हणता, हे काम करणाऱ्या दुसऱ्या एक-दोघांची नावं द्या.

पहिल्यांदा नोंद तयार झाली की तुमच्या ओळखीबाहेरच्या दोन-तीन दिव्यांग व्यक्तींना ती वाचायला द्या आणि त्या वेळेचे पैसे द्या. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, ‘छान’ म्हणतील. ‘आम्ही रविवारी येतो का? तुम्हाला आमच्याकडे येता येईल का? आम्ही काय करत नाही?’ असं विचारा आणि उत्तर सापडायला किती वेळ लागतो ते पाहा. जिथे ते अडले, तिथे वाक्य बदला.

पुढची देखभाल कंटाळवाणी आहे, म्हणून ती एका माणसाच्या नावावर आणि कॅलेंडरवर टाका. रिकाम्या जागा आठवड्यातून एकदा, सुट्ट्यांच्या वेळा सुट्टीआधी, बाकी सगळं तीन महिन्यांनी. आणि महिन्यातून एकदा, कुणालाही न सांगता, दुसऱ्याच्या फोनवरून नोंदीतल्या नंबरवर फोन लावा, त्याच ईमेलवर एक प्रश्न पाठवा. आमच्या नोंदीवरचा दुसरा नंबर सहा आठवडे जुन्या ऑफिसच्या रिकाम्या खोलीत वाजत होता, तो असाच सापडला.